साहित्यशास्त्र आणि आईचा खुबा

तंत्रशाळेच्या फाटकाशेजारी एक काळा फळा होता. त्यावर एके दिवशी खडूने लिहिलेलं दिसलं : 'साहित्यशास्त्र. प्राथमिक परिचय. सायंकाळचा वर्ग. पूर्वज्ञानाची अट नाही.'

भाषेच्या बाई शाळेतून घरी जाताना तिथे थबकल्या. त्या माध्यमिक शाळेत भाषा शिकवत. केस पिकेपर्यंत त्यांनी मुलांना तेच अलंकार आणि तीच वृत्तं घोकायला लावली होती, पण साहित्यशास्त्र पद्धतशीर शिकायचं राहून गेलं होतं. तंत्रशाळेत साहित्यशास्त्र कसं, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच. पण हल्ली कोण कुठे काय शिकवेल याचा नेम नाही, एखादी खोली भाड्याने दिली असेल, असं म्हणून त्या आत गेल्या आणि नाव नोंदवून आल्या.

खरं सांगायचं तर त्यांना संध्याकाळी तासभर घराबाहेर राहायला कारण हवं होतं. घरात सध्या एकच विषय होता, आईचा खुबा.

आई दोन महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे राहायला आली होती. उजवा खुबा पार झिजला होता. उठताना, बसताना, कूस बदलताना कळ यायची. ती कण्हायची नाही, उलट जास्त टोमणे मारायची, आणि त्यावरूनच बाईंना कळायचं की आज दुखणं जास्त आहे. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, खुबा बदलावा लागेल. जाता जाता ते म्हणाले होते, "सांध्यात धातू, सिरॅमिक, प्लास्टिक असे पर्याय असतात. घरी बोला. काही शंका असतील तर पुढच्या भेटीत विचारा."

ते एक वाक्य घरात शिरलं आणि ठाण मांडून बसलं. बाईंचा थोरला भाऊ, दादा, दुसऱ्या गावी टायरचं दुकान चालवायचा. तो रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, "काय ठरलं?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच सांगायचा, "धातूच बसवायचा. बाकी काही ऐकू नकोस."

पहिल्या तासाला बाई नवी वही घेऊन दुसऱ्या बाकावर बसल्या. खोलीत तेलाचा आणि जळक्या लोखंडाचा वास होता. बाकांवर चरे पडले होते. आजूबाजूला दणकट हातांची माणसं होती, कुणाच्या बाहीवर काळे डाग, कुणाच्या बोटाला पट्टी. साहित्याची आवड कुठल्या थरात असेल सांगता येत नाही, असा विचार करून बाईंना बरंच वाटलं. शेजारी एक हसऱ्या चेहऱ्याची बाई येऊन बसली. ती दातांच्या कवळ्या बनवायची. "सगळे मला कवळीताई म्हणतात," तिने सांगितलं, "तुम्हीही म्हणा."

सर आले. किडकिडीत, कोटाच्या कोपराला खडू लागलेला. काही प्रस्तावना न करता त्यांनी विचारलं, "साहित्य म्हणजे काय? ज्यातून काहीतरी घडतं, ते साहित्य."

बाईंनी वाक्य उतरवून घेतलं. इतकी नेटकी व्याख्या त्यांनी आजवर ऐकली नव्हती.

"प्रत्येक साहित्याचे गुण त्याच्या रचनेवर अवलंबून असतात. रचना बदला, गुण बदलतील. घटक तेच राहिले तरीही."

बाईंनी मान डोलावली. हेच त्या मुलांना आयुष्यभर सांगत आल्या होत्या.

"साहित्याचे मुख्य वर्ग तीन," सर म्हणाले. बाईंनी मनात आधीच म्हटलं, काव्य, गद्य, नाटक. सरांनी फळ्यावर लिहिलं, धातू.

व्याकरणापासून सुरुवात करताहेत तर, बाईंना वाटलं. चाल, बोल, कर हे धातू. पाया पक्का करून घ्यायचा बेत दिसतोय. मग सरांनी त्याखाली लिहिलं, सिरॅमिक. आणि त्याखाली, पॉलिमर.

बाईंनी तिन्ही शब्द वहीत लिहिले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. सिरॅमिक हा कुठला तरी परदेशी पंथ असेल. पॉलिमर हे बहुधा टीकाकाराचं नाव. पण मग धातू त्या रांगेत कसा? त्यांनी कवळीताईकडे पाहिलं. ती शांतपणे लिहीत होती.

"धातू ठोकला की पसरतो," सर म्हणाले. "सिरॅमिक ठोकलं की फुटतं. पॉलिमर ताणलं की लांबतं, निदान बरेचसे. असं का, हे आपल्याला या वर्गात शिकायचंय." आणि त्यांनी पिशवीतून एक खिळा, एक कप आणि एक प्लास्टिकची दोरी काढून टेबलावर मांडली.

बाईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांनी वही हळूच मिटली. मधेच उठून जाणं बरं दिसणार नाही, तास संपेपर्यंत बसू आणि मग सटकू, असं त्यांनी ठरवलं. पण शेवटी सरांनी पिशवीत पुन्हा हात घातला आणि एक विचित्र वस्तू बाहेर काढली. लांबट, करड्या रंगाची, खाली निमुळती होत गेलेली दांडी. तिच्या वरच्या टोकावर गुळगुळीत गोळा. आणि त्या गोळ्यावर बसेल अशी एक वाटी.

"एकाच वस्तूत तिन्ही वर्ग बघायचे असतील तर ही बघा," ते म्हणाले. "हा खुब्याचा कृत्रिम सांधा. बाकांवरून फिरवा."

सांधा बाईंच्या हातात आला तेव्हा त्यांना वाटला होता त्यापेक्षा तो हलका निघाला. त्यांनी गोळा वाटीत फिरवून पाहिला. आवाज न करता तो फिरला. हे आईच्या अंगात जाणार. त्यांनी तो कवळीताईकडे द्यायला उशीर केला.

तास संपल्यावर त्या सरांपाशी गेल्या आणि त्यांनी घोटाळा सांगून टाकला. सर हसले नाहीत. "तुम्ही पहिल्या नाही," ते म्हणाले. "मागच्या वर्षी एक कवी तीन तास बसला होता. नाव कार्यालयाने ठरवलं. मी म्हटलं पदार्थशास्त्र म्हणा, तर ते म्हणाले लोकांना स्वयंपाकाचा वर्ग वाटेल. पैसे परत मिळतील, काळजी करू नका."

"परत नकोत," बाई म्हणाल्या. "मला बसायचंय. पण मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"फळ्यावर लिहिलंय ना, पूर्वज्ञानाची अट नाही."

घरी आल्यावर बाईंनी आईला सांधा कसा असतो ते हातवारे करून सांगितलं. आई उशीला टेकून ऐकत होती. सिरॅमिक शब्द आला तसं तिने थांबवलं.

"म्हणजे कपबशीचं?"

"तशाच जातीचं. पण खूप टणक."

"मला कपबशी बसवणार. आणि प्लास्टिक म्हणजे बादलीचं?"

"तसंच काहीतरी."

"आणि लोखंड. म्हणजे भांड्यांचं दुकानच की." आई भिंतीकडे वळली आणि वळताना तिचे ओठ घट्ट मिटले गेले.

दुसरा तास अणूंवर होता. बाईंनी शाळेत असताना अणू वाचला होता, परीक्षेपुरता. आता सर सांगत होते की अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं, त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन असतात, आणि केंद्रक मोहरीएवढं धरलं तर अणू एखाद्या मैदानाएवढा होईल. मधलं सगळं जवळजवळ रिकामं.

"रिकामं म्हणजे काय असतं त्यात?" बाईंनी विचारलं.

"काही नसतं."

"हे टेबलही तसंच?"

"टेबलही. तुम्हीही. मीही."

बाईंनी बाकावर तळहात दाबून पाहिला. बाक होतं तसंच टणक होतं. "मग आपण बसतो कशावर?"

मागच्या बाकावर बसणारा एक फिटर हसला, पण सरांना प्रश्न आवडला. ते म्हणाले, "तुमचे इलेक्ट्रॉन आणि बाकाचे इलेक्ट्रॉन एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. त्या नकारावर आपण बसलेलो असतो."

त्या संध्याकाळी बाई फुटपाथवरून जपून चालत गेल्या. वाटेत त्यांना उगीच हसू आलं आणि मग भीतीही वाटली. आईची हाडं जर मुळात रिकामी होती, आणि त्यांच्या जागी येणारा सांधाही तितकाच रिकामा असणार होता, तर रिकाम्याच्या जागी रिकामं बसवण्यासाठी आईला कापायचं कशाला? हा विचार चुकीचा आहे हे त्यांना कळत होतं. नेमका कुठे चुकतो ते मात्र कळत नव्हतं.

मग बंधांचे तास सुरू झाले. इथे बाईंना पहिल्यांदा थोडं हायसं वाटलं, कारण सर माणसांच्या भाषेत बोलू लागले. एक अणू इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि दुसरा घेतो, मग देणारा आणि घेणारा एकमेकांना चिकटून राहतात, हा एक बंध. दोन अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात, हा दुसरा. आणि धातूंमध्ये सगळेच आपापले बाहेरचे इलेक्ट्रॉन एका सामाईक साठ्यात टाकतात. तिथे तुझं-माझं राहत नाही.

"एकत्र कुटुंब," बाई म्हणाल्या.

"तसं म्हणा. म्हणूनच धातूचा एक थर दुसऱ्यावरून सरकला तरी कुटुंब मोडत नाही. वाकतं, पण तुटत नाही. सिरॅमिकमध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक देणाऱ्यासमोर घेणारा बसलेला असतो. थर जरा सरकला की देणाऱ्यासमोर देणारा येतो. दोघं एकमेकांना ढकलतात. तडा जातो."

त्यांच्या डोळ्यांसमोर आई फुटपाथच्या कडेवरून खाली पाय टाकत होती आणि आत कुठेतरी तडा जात होता. घरी येताच त्यांनीच दादाला फोन लावला.

"तुझंच बरोबर," त्या म्हणाल्या. "धातूच हवा. एकत्र कुटुंब आहे ते."

"काय आहे?"

"धातू. थर सरकले तरी तुटत नाही."

"मी काय वेगळं सांगत होतो?" दादा खूश झाला. "लोखंडाला तोड नाही."

पण पुढच्या तासाला सरांनी घर्षण काढलं. धातूवर धातू घासला की बारीक कण निघतात. सिरॅमिक टणक, ते फारसं झिजत नाही. आणि आताचं सिरॅमिक कपबशीसारखं नसतं, त्याचे कण इतके बारीक आणि दाट बसवलेले असतात की तडा जाणं फार क्वचित. कवळीताई म्हणाली, "मी दातांना तेच वापरते. लोक त्याने काय काय फोडतात." बाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन दादाला सांगितलं की सिरॅमिकच बरं.

त्यानंतर पॉलिमर आले. लांबच लांब साखळ्या, साखळीच्या आत घट्ट बंध आणि दोन साखळ्यांमध्ये नुसता सैल लळा, म्हणून ते लवचिक. काही साखळ्या इतक्या लांब की झिजता झिजत नाहीत. बाईंना प्लास्टिकबद्दलही ममता वाटू लागली.

"तू रोज पक्ष बदलतेस," दादा फोनवर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "काल कपबशी, आज बादली. शाळेत मुलांना असंच शिकवतेस का?"

"मी शिकतेय. शिकताना माणूस बदलतो."

"आईच्या पायावर शिकू नकोस. मी धाकटा असतो तर ऐकलं असतं तुझं. मी सांगतो धातू, म्हणजे धातू."

"का पण? कारण सांग ना."

पलीकडे दुकानात कुणीतरी टायर जमिनीवर टाकल्याचा धप्प आवाज ऐकू आला.

"मला कारण माहीत नाही," दादा शेवटी म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "मला धातू कळतो, बस. हातात घेतलं की कळतं. बाकीचं तू काय बोलतेस ते डोक्यावरून जातं, आणि तिला आत नेणार आहेत या विचाराने मला दुकानात उभं राहवत नाही."

बाई म्हणाल्या, "मलाही कळत नाही रे. मी वर्गात बसते म्हणून तुला वाटतं कळतं."

त्या दोघांचं भांडण मिटलं असं नाही, पण त्यानंतर दादा फोनवर आधी आईची चौकशी करायचा आणि मग सांध्याची.

डॉक्टरांच्या भेटीआधीच्या तासाला सर गंजावर आले. धातूचा अणू सामाईक साठ्यात इलेक्ट्रॉन सोडून एकटाच बाहेर पडतो, त्याला आयन म्हणायचं. ओलावा आणि मीठ असलं की हे सोपं होतं. शरीरात दोन्ही आहेत. म्हणून शरीरात घालायचे धातू निवडून घ्यावे लागतात, टायटॅनियमसारखे, ज्यांच्यावर आपोआप एक पातळ साय धरते आणि अणूंना बाहेर पडू देत नाही. तरी थोडे निसटतात. "बहुतेकांना त्याचं काही होत नाही," सर म्हणाले. "पण काहींच्या कातडीला निकेल सोसत नाही. स्वस्तातली कानातली घातली की कान सुजतात, घड्याळाच्या पट्ट्याखाली पुरळ उठतं. ते हेच. निकेलचे आयन."

बाई लिहिता लिहिता थांबल्या.

आई टेलिफोन केंद्रात काम करायची. डोक्यावरून जाणारी धातूची पट्टी आणि कानावर ऐकण्याचं यंत्र, असं घालून ती दिवसभर जोडण्या जोडायची. बाई लहान असताना आई घरी आली की तिच्या कानांमागे लाल चट्टे असायचे आणि ती त्यांवर तेल लावत बसायची. पुढे तिने त्या पट्टीला जुन्या कापडाची चिंधी गुंडाळली. ते केंद्र बंद पडून कितीतरी वर्षं झाली. चष्म्याची काडी मात्र ती आजही प्लास्टिकचीच घेते आणि दुकानदाराने धातूची दाखवली की तोंड फिरवते. बाईंनी हे आयुष्यभर पाहिलं होतं आणि त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

तास संपल्यावर त्यांनी सरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. बोलता बोलता त्यांनी आयनला अणू म्हटलं, टायटॅनियमला निकेल म्हटलं आणि शेवटी स्वतःच अडखळल्या.

"मी डॉक्टर नाही," सर म्हणाले. "याचं उत्तर मी देणं बरोबर नाही. कातडीला सोसत नाही ते आत सोसेल की नाही, मला माहीत नाही. पण त्यांना हे सांगा. विसरू नका."

भेटीच्या दिवशी दादा दुकान बंद करून आला. तिघं डॉक्टरांसमोर बसली, आई चाकाच्या खुर्चीत. बाईंनी रात्रभर भाषण तयार केलं होतं. त्यांनी धातूंच्या एकत्र कुटुंबापासून सुरुवात केली, मग देणारे-घेणारे, मग साखळ्या. दोन वेळा त्यांनी इलेक्ट्रॉनच्या जागी केंद्रक म्हटलं. डॉक्टर पेन हातात धरून ऐकत राहिले. दादा खाली बघत होता.

"तुम्ही बरंच वाचलेलं दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्हाला यातलं एकच निवडायचं नाहीये. मांडीच्या हाडात जाते ती दांडी धातूचीच असते. वाटीच्या आतलं अस्तर साधारणपणे प्लास्टिकचं. प्रश्न फक्त गोळ्याचा. तो धातूचा किंवा सिरॅमिकचा. तिन्ही एकत्रच काम करतात."

दादाने विचारलं, "मग आम्ही भांडत कशावर होतो?"

"ते मला पहिल्या दिवसापासून विचारायचं होतं," आई म्हणाली. "पण मला कुणी विचारलं तर ना."

बाईंनी आपली वही मांडीवर उलटी ठेवली. त्यांना आठवलं की पहिल्याच तासाला तो सांधा त्यांच्या हातात होता, दांडी वेगळी, गोळा वेगळा, वाटी वेगळी. सरांनीही तेच सांगितलं होतं, एका वस्तूत तिन्ही वर्ग. त्यांनी ते ऐकलं होतं, लिहून घेतलं होतं, आणि तरीही महिनाभर त्या एकाच्या शोधात होत्या. लाज वाटून त्या गप्प बसणार होत्या. पण सरांचं 'विसरू नका' आठवलं.

"अजून एक," त्या म्हणाल्या. "कदाचित फालतू असेल. आईला धातू सोसत नाही. कातडीला. कानांमागे चट्टे यायचे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. या वेळी त्यांनी बाईंकडे न बघता आईकडे पाहिलं. "कशाने यायचे?"

"टेलिफोनच्या पट्टीने," आई म्हणाली. "नोकरीत होते तोवर. मग मी चिंधी बांधली. आणि एकदा लग्नात कुणाचं तरी घड्याळ घातलं होतं तर हात फुगला. पण खुब्याचा आणि कानाचा काय संबंध?"

"असेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले. "खरं सांगतो, यावर आमच्यातही एकमत नाही. कातडीला त्रास होणाऱ्या कितीतरी लोकांना आत काही होत नाही. पण धातूचा जो नेहमीचा गोळा असतो त्यात थोडं निकेल असतं. माहीत असताना तो वापरायचं मला कारण दिसत नाही. आधी तपासणी करू. हे तुम्ही पहिल्या भेटीत का नाही सांगितलं?"

"तुम्ही पायाचं विचारलं होतं," आई म्हणाली.

तपासणी म्हणजे आईच्या पाठीवर निरनिराळ्या धातूंच्या द्रव्यांच्या छोट्या चिकटपट्ट्या लावल्या आणि काही दिवसांनी काढल्या. एका पट्टीखालचा भाग लाल होऊन फुगला होता. ती पट्टी निकेलचीच होती. डॉक्टरांनी ठरवलं, दांडी टायटॅनियमची, गोळा सिरॅमिकचा, अस्तर प्लास्टिकचं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी बहीणभाऊ दवाखान्याच्या लांब बोळकांडीत बसले होते. फरशी नुकतीच पुसली होती आणि त्यावरून चाकांच्या खाटा जात होत्या. दादाला गप्प बसवेना.

"ते एकत्र कुटुंबाचं सांग ना पुन्हा," तो म्हणाला.

बाईंनी सांगायला घेतलं. सामाईक साठा, थर सरकणं, वाकणं. दादा लक्ष देऊन ऐकत होता. मग त्याने विचारलं, "सगळे इलेक्ट्रॉन सगळ्यांचे, तर मग एखादा धातू दुसऱ्यापेक्षा कडक का असतो?"

बाई म्हणाल्या, "बहुतेक तो पुढच्या तासाला आहे."

"आणि रबर? रबर यात कुठे बसतं? माझं आयुष्य रबरात गेलं."

"पॉलिमर. लांब साखळ्या, एकमेकींत गुंतलेल्या. मधूनमधून गाठी मारलेल्या, म्हणून ताणून सोडलं की परत येतं."

दादाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडेला काळं होतं, कितीही धुतलं तरी न जाणारं. "गाठी," तो म्हणाला. "कुणी सांगितलं नाही मला कधी."

दार उघडलं आणि डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. सगळं नीट झालं होतं. दादा उठून उभा राहिला, पुन्हा बसला, आणि बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नमस्कार करायचा की आभार मानायचे हे दोघांनाही सुचलं नाही. तोवर डॉक्टर पुढे निघूनही गेले होते.

आई घरी आली. सुरुवातीचे दिवस कठीण गेले. जखम दुखायची आणि आई व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला नावं ठेवायची. पण जुनी कळ गेली होती. ती आधाराचा वॉकर घेऊन आधी दारापर्यंत, मग बाहेरच्या जिन्यापर्यंत जाऊ लागली. आणि एकदा जेवताना तिने मधेच विचारलं, "माझं जुनं हाड कुठल्या वर्गातलं होतं?"

"म्हणजे?"

"तुझे ते तीन वर्ग. हाड धातू नाही, हे मलाही कळतं. मग काय, कपबशी की बादली?"

बाईंना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तासाला विचारलं. सर फळ्यापासून वळले आणि वर्गात ते पहिल्यांदाच मोकळेपणाने हसले. हाड दोन्ही असतं, ते म्हणाले. सिरॅमिकसारखे टणक खनिजाचे कण आणि पॉलिमरसारखे लवचिक तंतू, एकमेकांत विणलेले. नुसतं खनिज असतं तर फुटलं असतं, नुसते तंतू असते तर वाकलं असतं. अशा साहित्याला संमिश्र म्हणतात. "शिवाय ते जिवंत असतं, तडा गेला तर स्वतः भरून काढतं. तसं आम्हाला अजून जमलेलं नाही."

बाईंनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांना वाटलं आईला अभिमान वाटेल.

"एवढं चांगलं होतं तर झिजलं कसं?" आई म्हणाली.

पुन्हा सरांकडे प्रश्न. सर म्हणाले, आधी हाडावरचा कूर्चेचा गुळगुळीत थर झिजला असणार, आणि कूर्चा हाडासारखी भरून येत नाही. का येत नाही, हे बाईंनी विचारल्यावर त्यांनी हात जोडले. "बाई, आता तुम्ही वैद्यकीच्या वर्गाला जा."

एवढं अर्धं उत्तर घेऊन बाई घरी पोचल्या तर खोलीत आई नव्हती. वॉकर पलंगाशेजारी उभा होता. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, आणि मग पुढच्या खोलीतून आवाज ऐकू आला. आई फोनपाशी उभी होती. एक हात भिंतीला, तोही नुसता टेकवलेला. पलीकडे दादा होता.

"अरे, तुला कळत नाही," आई त्याला सांगत होती. "दांडीचे इलेक्ट्रॉन सगळ्यांचे. आणि प्लास्टिकवाले एकमेकांना देतात-घेतात. कपबशीवाले वाटून घेतात. म्हणून तर मला दुखत नाही."

बाई दुरुस्त करायला पुढे झाल्या. देणं-घेणं सिरॅमिकमध्ये, वाटून घेणं साखळ्यांमध्ये. मग त्यांना आठवलं की सर एकदा म्हणाले होते, आईच्या गोळ्याच्या सिरॅमिकमध्ये दोन्ही प्रकार असतात, थोडं देणं-घेणं आणि थोडं वाटून घेणं. किती थोडं, ते त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं आणि बाईंना ते समजलं नव्हतं. म्हणजे आई अर्धी चूक होती. की अर्धी बरोबर?

"हो, हो, ती आलीय," आई फोनमध्ये म्हणाली. "थांब, तिलाच देते. तिला सगळं नीट माहीत आहे."

बाईंनी फोन घेतला.